पडद्यावरचा वसंत, गच्चीवरचा वैशाख

जानेवारीत कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात घराबाहेर बर्फ साचलेला असतो. त्या दिवसांत नायजेल सॉन्डर्स हे गृहस्थ घरात, विजेच्या दिव्यांखाली, वडाच्या भाऊबंदांची छाटणी करताना दिसतात. 'द बोन्साय झोन' हे त्यांचं यूट्यूब चॅनेल. त्यावर फायकसची झाडं वर्षानुवर्षं वाढताना पाहायला मिळतात. आपल्याकडे हेच भाऊबंद जुन्या वाड्याच्या भिंतीतून, पुलाच्या कठड्यातून, गच्चीवरच्या टाकीशेजारच्या फटीतून न विचारता उगवतात. कितीही उपटले तरी पुढच्या पावसाळ्यात हजर. तिकडे मात्र त्यांना हिवाळाभर ऊब, उजेड आणि ओलावा पुरवून जपावं लागतं. तरीही ठाण्याच्या, नाशिकच्या, कोल्हापूरच्या गच्चीवर बारमाही ऊन असलेला मराठी हौशी माणूस कुंडीतला वड घडवायला शिकतो तो या बर्फातल्या माणसाकडून.

हे वाटतं तितकं उफराटं नाही. सॉन्डर्स शिक्षक म्हणून फार चांगले आहेत. एकच झाड ते वर्षामागून वर्ष कॅमेऱ्यासमोर आणतात, मागच्या खेपेला कुठली फांदी का ठेवली होती ते सांगतात आणि मग कात्री चालवतात. प्रश्न आहे तो त्यांच्याकडून काय घ्यायचं आणि काय त्यांच्यापाशीच राहू द्यायचं याचा. मोबाइलवर बोन्साय शिकणाऱ्यांची जी पिढी आपल्याकडे तयार झाली आहे, तिच्या कुंड्यांतली बरीचशी जगली-मेलेली झाडं या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात. पडद्यावरून हात शिकता येतो, ऋतू शिकता येत नाही.

गुरूच्या अंगणातून

बोन्सायचं शिक्षण जपानात अंगणात होत आलं. टोकियोच्या उत्तरेला साइतामा शहरात ओमिया नावाचं बोन्साय-गाव आहे. १९२३च्या कान्तो भूकंपानंतर टोकियोतले बोन्साय व्यावसायिक मोकळी जागा, चांगलं पाणी आणि चांगली माती शोधत इथं आले. १९२५ हे गावाचं स्थापनावर्ष. रहिवाशांसाठी सुरुवातीचे नियमही ठरले होते: प्रत्येकाकडे किमान १० बोन्साय हवेत, फाटक येणाऱ्याजाणाऱ्याला उघडं हवं, घर दुमजली बांधायचं नाही, कुंपण झुडपांचं हवं. २०१०मध्ये तिथं बोन्सायचं सार्वजनिक संग्रहालय सुरू झालं.

अशा बागांत शिकायचं म्हणजे गुरूकडे पाच-सहा वर्षं राहायचं. आधी झाडलोट, तण काढणं, पाणी. नुसतं पाणी घालायला शिकायलाच तीन वर्षं लागतात, असं तिथले माळी म्हणत आले आहेत. मासाहिको किमुरा हे साइतामातलं, या कलेतलं फार मोठं नाव. अमेरिकेतले रायन नील २००४ ते २०१० अशी सहा वर्षं त्यांच्याकडे राबले, मग मायदेशी परतून त्यांनी ओरेगॉन राज्यात 'बोन्साय मिराई' ही बाग उभी केली. २०१७पासून ते आपले वर्ग थेट प्रक्षेपित करू लागले. टेनेसीचे ब्योर्न ब्योर्होल्म ओसाकातल्या केइची फुजिकावा यांच्या बागेत शिकले आणि 'द बोन्साय आर्ट ऑफ जपान' या मालिकेतून त्यांनी कॅमेरा थेट त्या बागेत नेला. ज्या अंगणात शिरायला एकेकाळी आयुष्यातली सहा वर्षं मोजावी लागत, ते अंगण असं खिशात आलं.

त्याआधी पुस्तकं होती. कॅलिफोर्नियातले जॉन नाका यांचं 'बोन्साय टेक्निक्स' १९७३ साली आलं आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाला त्यातल्या रेखाचित्रांनी बोन्साय शिकवलं. ११ ज्युनिपरचं त्यांचं 'गोशिन' हे वन आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात आहे. आपल्याकडे ही कला प्रामुख्याने मंडळांतून पसरली. मुंबईत निकुंज आणि ज्योती पारेख यांनी अनेकांना शिकवलं. पुण्यात प्राजक्ता काळे यांनी प्रचंड संग्रह उभा केला आणि २०१८च्या फेब्रुवारीत तिथं 'बोन्साय नमस्ते' हे आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं. पण मंडळं मोठ्या शहरांत. जळगावच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाला बोन्साय म्हणजे प्रदर्शनात पाहिलेली, नाहीतर 'कराटे किड' सिनेमात म्हाताऱ्या मियागीच्या हातात दिसलेली गोष्ट. २०१६च्या सप्टेंबरनंतर मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला आणि ही दरी एका झटक्यात बुजली.

हात दिसतो तेव्हा

पुस्तकात लिहिलेलं असतं, 'तार फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश असावी आणि ४५ अंशांच्या कोनात गुंडाळावी.' वाचायला सोपं. प्रत्यक्षात तार कधी सैल बसते, कधी सालीत रुतते आणि फांदी वाकवताना नेमकी जिथं आधार हवा तिथं तारेचा वेढा आलेला नसतो. व्हिडिओत दिसतं ते पुस्तकात मावत नाही. डाव्या हाताचा अंगठा वळणाच्या आतल्या बाजूला टेकलेला असतो, तारेचा वेढा वळणाच्या बाहेरच्या अंगाला येतो, फांदी एका दमात न वाकवता थोडी-थोडी मुरडत नेली जाते. हे तीनदा मागे नेऊन, वेग निम्मा करून बघता येतं. गुरूला कुणी असं सांगू शकत नाही.

कापण्याचंही तसंच. फांदी बुडापासून काढायची असेल तर अंतर्वक्र पात्याचं कटर लागतं. ते खोडात किंचित खड्डा करतं, म्हणजे पुढे कडांनी साल भरत आली की जखम खोडाच्या पातळीला येते, टेंगूळ राहत नाही. मुळं विंचरायची तर खोडापासून बाहेरच्या दिशेनं. झाड नव्या कुंडीत ठेवल्यावर तळाच्या भोकांतून आणलेल्या तारेनं मुळांचा गड्डा बांधायचा, कारण हलणाऱ्या झाडाची कोवळी मुळं तुटत राहतात. मग बांबूच्या काडीनं मिश्रण मुळांच्या पोटात खुपसत न्यायचं, पोकळी ठेवायची नाही. हे सारं हाताचं ज्ञान आहे आणि ते पसरवण्यात या चॅनेलांनी जे केलं ते कुठल्याच पुस्तकाला जमलं नव्हतं.

भीड मोडण्याचं कामही त्यांनीच केलं. इंग्लंडच्या सरे परगण्यात पीटर चॅन यांची 'हेरन्स बोन्साय' ही रोपवाटिका आहे. चेल्सीच्या प्रसिद्ध पुष्पप्रदर्शनात अनेक सुवर्णपदकं मिळवलेला हा माणूस कॅमेऱ्यासमोर माजलेलं साधं झुडूप उचलतो, करवत घेतो आणि गप्पा मारता-मारता त्यातून झाड काढून दाखवतो. बोन्सायभोवती जे गूढ वलय होतं, ते त्यांच्या बोलण्यात सापडत नाही. कुंडीतली कामिनी कापायला हात धजत नव्हता, तो असे व्हिडिओ पाहून धजला, असं सांगणारे हौशी पुष्कळ भेटतात.

पंचांग कोणाचं?

अडचण सुरू होते ती पुढे. व्हिडिओत म्हणतात, वसंतात डोळे फुगायला लागले की रिपॉटिंग, म्हणजे कुंडी-बदल, करा. साइतामात ही वेळ सांगायला झाडच पुरेसं असतं. हिवाळ्यात पानं गळून गेलेली, रात्री पारा शून्याच्या आसपास, मग हळूहळू ऊब आणि मग फुगलेला डोळा. मेपल, झेल्कोव्हा, जपानी काळं पाइन या झाडांचं सगळं वेळापत्रक त्या झोपेवर आणि त्या जागेपणावर बांधलेलं आहे. काळ्या पाइनची वसंतातली कोवळी फूट जपानात जून-जुलैत मुद्दाम काढतात. मग दुसरी फूट येते, ती आखूड सुयांची. पण ती पक्व व्हायला थंडीपूर्वीचे साधारण १०० दिवस हातात असावे लागतात. म्हणजे तंत्र कात्रीचं दिसलं तरी त्यातला अर्धा भाग तारखेचा असतो.

मुंबई-पुण्याचं झाड असं झोपत नाही. नांदरूक किंवा वड ऊब मिळाली की मुळं फोडतो आणि थंडीत सुस्तावतो. म्हणून आपल्याकडचे जाणते लोक फायकसचं रिपॉटिंग फेब्रुवारीअखेरपासून पाऊस स्थिरावेपर्यंत करतात आणि डिसेंबर-जानेवारीत त्याच्या मुळांना हात लावत नाहीत. मात्र मार्चनंतर केलं तर वैशाखवणव्याची तयारी लागते: सावलीची जाळी, दिवसातून दोनदा पाणी आणि मुळं कापली त्या प्रमाणात कमी केलेली पानं. सरेच्या मे महिन्यातलं ऊन झाडाला सुखावतं. विदर्भाच्या मे महिन्यातलं ऊन पसरट कुंडीतली मुळं शिजवतं. दोन्हीकडे महिना मेच असतो.

तारेची गोष्ट याहून बोलकी. पाइनवर किंवा ज्युनिपरवर तार कधी-कधी वर्षभर राहते, व्हिडिओतही तसंच सांगतात. आपल्याकडे आषाढात फायकसची फांदी अशी जाड होते की तार काही आठवड्यांत सालीत रुतते आणि मळसूत्रासारखे व्रण पडतात. पावसाळ्यात तारेवर आठवड्याला नजर टाकावी लागते, हे ओरेगॉनच्या माणसाला सांगायचं कारणच नसतं.

मेपलचा मोह ही तर नव्या शिकणाऱ्याची जवळजवळ ठरलेली पायरी. पडद्यावर लाल पानांचं झाड दिसतं आणि बिया मागवल्या जातात. जपानी मेपलच्या बीला रुजण्याआधी सुमारे तीन महिने थंड ओलावा लागतो, म्हणून ती फ्रीजमध्ये ठेवली जाते. ती रुजतेही. पण रोपाला दरवर्षी हवा असलेला हिवाळा फ्रीजमधून देता येत नाही आणि एक-दोन उन्हाळ्यांत पानांच्या कडा करपून ते जातं. त्यातच बाजारात निळ्या मेपलच्या बिया म्हणूनही काहीबाही विकलं जातं. निळा मेपल जगात कुठंच नाही.

मिश्रण आणि पाणी

बोन्सायची माती हा चॅनेलांचा आवडता विषय. त्यांची पाककृती म्हणजे आकादामा, प्युमिस आणि लाव्हा. आकादामा ही कान्तो भागातली दाणेदार ज्वालामुखीय माती. ती पाणी धरते आणि दाण्यांमधल्या जागेतून हवाही खेळू देते. इथं ती आयात होऊन येते आणि खिशाला लागते. म्हणून विटांची चुरी चाळायची, धूळ टाकून द्यायची, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवायचे, त्यात थोडं कोकोपीट किंवा चांगलं कुजलेलं शेणखत मिसळायचं, ही आपल्याकडची रूढ वाट आहे. खताच्या बाबतीत तर आपण जपानच्या फार जवळ आहोत. तिथं मोहरीच्याच जातकुळीतल्या बियांची पेंड वापरतात, इथं मोहरीची किंवा निंबोळीची.

मात्र मिश्रणाच्या प्रमाणाची नक्कल करण्यापूर्वी त्यामागचं कारण समजून घ्यावं लागतं. पसरट कुंडीत पाण्याचा निचरा चांगला होत असेल असं वाटतं, होतो उलट. ओला स्पंज आडवा धरला की थोडं पाणी ठिबकून थांबतं, उभा केला की आणखी बरंच गळतं. मातीचंही तसंच. तळाशी पाण्याचा एक थर अडून राहतो, त्याची उंची मिश्रणाच्या दाण्यावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. उंच कुंडीत तो थर मुळांच्या खाली राहतो, उथळ कुंडीत मुळं त्यातच उभी असतात. म्हणून बोन्सायला भरड मिश्रण लागतं.

आता हेच सूत्र घेऊन नकाशाकडे बघायचं. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तिथल्या कुंडीला जवळजवळ नुसती चाळलेली खडी आणि विटा चालतील. सोलापूरच्या गच्चीवर मे महिन्यात तेच मिश्रण दुपारपर्यंत ठणठणीत कोरडं होईल, तिथं पाणी धरणारा भाग वाढवावा लागेल. चॅनेलवरचा माणूस अमुक इतके भाग सांगतो तेव्हा तो आपल्या गावच्या पावसाचं उत्तर सांगत असतो. प्रमाण त्याचं त्याला लखलाभ, घ्यायचं ते सूत्र.

द्राक्षवाल्यांनी हे आधीच केलंय

परक्या हवामानातलं झाड आणि परक्या पुस्तकातलं तंत्र आपल्या ऋतूत बसवणं, हे काम महाराष्ट्राला नवं नाही. नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षबागांत ते पिढ्यान्पिढ्या चाललं आहे. द्राक्षवेल थंड हिवाळ्याच्या मुलखातली. तिकडे ती पानं टाकून झोपते, वर्षाला एकदा छाटली जाते आणि उन्हाळ्यात फळ देते. महाराष्ट्रात ती झोपतच नाही. मग इथल्या बागायतदारांनी वर्षाला दोन छाटण्या बसवल्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यातून पुढच्या फळासाठी काड्या तयार होतात आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. थंडी न मिळाल्यानं डोळे मागेपुढे फुटतात, म्हणून छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावून सगळे एकदम जागे केले जातात. कॅलिफोर्नियातून आलेली थॉमसन सीडलेस इथं रुळली आणि तिच्यातूनच निवडलेल्या वाणाला 'तास-ए-गणेश' हे नाव मिळालं. तंत्र बाहेरचं, पंचांग तासगावचं.

डाळिंबवाले तर झाडाला हुकमानं फुलवतात. मृग, हस्त, आंबिया यांतला हवा तो बहार धरायचा, त्याआधी पाणी तोडून बागेला ताण द्यायचा, पानगळ झाली की खत-पाणी सोडायचं. कुंडीतल्या बोगनवेलीला फुलवायची युक्ती नेमकी हीच आहे. पानं किंचित मलूल होईपर्यंत पाणी रोखायचं आणि मग द्यायचं. इंग्रजी चॅनेलवर ही क्लृप्ती नवलाची म्हणून सांगितली जाते. सांगोल्याच्या शेतकऱ्याला ती सांगायला गेलात तर तो तुम्हालाच चार गोष्टी सांगेल.

गुटी कलमाचंही तेच. पाश्चात्त्य हौशी जी मोठ्या कौतुकानं बोन्सायची शस्त्रक्रिया म्हणून दाखवतात, ती फांदीची साल अंगठीसारखी काढून, ओलं शेवाळ गुंडाळून, प्लॅस्टिकनं बांधून मुळं फोडवायची रीत कोकणातल्या रोपवाटिकांत रोजच्या कामाची आहे. आणि गुटी बांधायची ती पावसाच्या तोंडावर, हेही तिथल्या कामगाराला ठाऊक असतं. ज्या गावात बोन्सायचं मंडळ नाही, त्या गावात कलमं बांधणारा माणूस बहुधा असतोच. व्हिडिओ पाहून घडलेला हौशी माणूस एक पावसाळा त्याच्याशेजारी बसला, तर पडद्यावर जे दिसत नाही त्यातलं बरंचसं त्याला मिळेल.

अक्षांश पाहून गुरू करावा

म्हणून एक साधा नियम सुचवावासा वाटतो. चॅनेल निवडताना त्याचे सदस्य किती यापेक्षा ते कुठल्या अक्षांशावरचं आहे ते पाहावं. सरे ५१ अंश उत्तरेला आहे, साइतामा ३६. मुंबई १९. आपल्या जवळचं हनोई २१ अंशांवर, तैपेई २५ आणि विषुववृत्तापलीकडे जकार्ता ६. व्हिएतनाम, इंडोनेशिया आणि तैवान इथले फायकस आज जगातल्या उत्तम बोन्सायमध्ये गणले जातात आणि तिथल्या कलावंतांचे असंख्य व्हिडिओ उपलब्ध आहेत. अनेकांत कुणी बोलतच नाही. मागे संगीत, पुढे दोन हात, करवत, तार, पाण्याचा फवारा. भाषेची अडचण उरत नाही आणि ऊन, पाऊस, घाम आपल्याच जातीचा असतो.

तिथून मिळणारी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे छाटून घडवण्याची रीत. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या लिंगनान परंपरेनं ती विकसित केली. फांदीला मोकळं सोडायचं, हवी तेवढी जाड झाली की हव्या त्या डोळ्यावर आखूड कापायची, नवी फूट पुन्हा मोकळी सोडायची, पुन्हा कापायची. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात आणि वळण आपोआप येतं, तार फारशी लागतच नाही. ऑन्टारिओचे सॉन्डर्स हीच रीत वापरतात. तिकडे त्यांना दिव्याखालच्या वाढीची वाट पाहावी लागते, इथं कोकणातला एक पावसाळा ते काम भराभर करून देतो. पारंब्यांचंही तसंच. कोरड्या हवेत त्या फुटाव्यात म्हणून हौशी लोक झाडाभोवती प्लॅस्टिक लावून ओलावा कोंडतात, कोवळी पारंबी पेयाच्या नळीतून मातीपर्यंत उतरवतात. आपल्या श्रावणात ती न बोलावता येते. नळी तेवढी उसनी घ्यायची.

कॅमेरा बंद असताना

पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत झुडपाचं झाड होतं. त्याआधीची आणि नंतरची वर्षं त्यात नसतात. पानं काढल्यावर झाड सावरलं की गेलं, ते पुढच्या भागात सांगितलं जातंच असं नाही. त्यामुळे शिकणाऱ्याचा असा समज होतो की बोन्साय म्हणजे काहीतरी करत राहणं. एकाच महिन्यात मुळं कापणं, पानं काढणं आणि तार गुंडाळणं असा तिहेरी घाव नव्या हौशीकडून घातला जातो, कारण तीन वेगळ्या चॅनेलांवर तीन वेगळे व्हिडिओ त्याच आठवड्यात पाहिलेले असतात. जाणता माणूस एका हंगामात एकच मोठं काम करतो आणि पुढे कित्येक महिने नुसतं पाणी घालतो.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५पासून तो कुंडीत घडतो आहे. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा यामाकी कुटुंबाच्या अंगणात, भिंतीच्या आडोशाला तो वाचला. १९७६मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला आणि त्याची ही हकिकत संग्रहालयाला कळली ती २००१मध्ये, यामाकींचे नातू तिथं आले तेव्हा. त्या झाडाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम कुठल्याही व्हिडिओत येण्यासारखं नाही. पिढ्यान्पिढ्या कोणीतरी त्याला रोज पाणी घातलं.

गच्चीवर वामनवृक्ष मांडले की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, ही झाडाची छळणूक आहे. ज्या झाडाची मुळं दर दोन-तीन वर्षांनी मोकळी होतात, ज्याला रोज पाणी आणि खत मिळतं, ते रस्त्याकडेच्या सिमेंटनं गळ्यापर्यंत आवळलेल्या झाडापेक्षा सुखी आहे, एवढं उत्तर पुरेसं व्हावं. दुसरा आक्षेप वास्तूचा, की खुरटं झाड घरात नको. पण शहरातल्या कितीतरी घरांत आज वटपौर्णिमेला फांदी तोडून आणण्याऐवजी कुंडीतल्या वडाला सूत गुंडाळलं जातं. त्या दिवशी वास्तुदोष कोणाला आठवत नाही.

खरा आक्षेप घ्यायला हवा तो रानातून झाडं उपटण्याला. डोंगरात खडकावर वाढलेलं जुनं झाड काढून आणण्याचे थरारक व्हिडिओ जगभर पाहिले जातात. तिकडे त्याला परवाने आणि नियम असतात, आपल्याकडे राखीव वनातून झाड काढणं हा गुन्हा आहे. सह्याद्रीच्या कड्यावर वाऱ्यानं शंभर वर्षं घडवलेलं करवंदाचं खोड गच्चीवर सहसा जगतही नाही. भिंतीत उगवलेले वड, पिंपळ, उंबर मात्र शहरभर आहेत. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेली ही झाडं कुणाला नकोच असतात. वर्षानुवर्षं फटीत कोंडल्यामुळे त्यांची खोडं जाड आणि वाकडी झालेली असतात, म्हणजे बोन्सायला हवी तशीच. इमारतीची दुरुस्ती निघाली की मुकादमाला सांगून ठेवणारे हौशी आता बऱ्याच गावांत आहेत.

वडाला पाइन का करायचं?

तंत्राइतकाच चॅनेलांचा परिणाम डोळ्यांवर होतो. जपानी पाइन वर्षानुवर्षं बघितला की बोन्साय म्हणजे त्रिकोणी आकार, खाली झुकलेल्या फांद्या, त्यावर पानांचे थर असं चित्र मनात बसतं. पाइनच्या फांद्या खाली झुकतात त्या बर्फाच्या वजनानं. मग आपल्याकडचा हौशी माणूस नांदरुकाच्या फांद्या तारेनं खाली ओढतो आणि प्रदर्शनात वड पाइनचं सोंग घेऊन उभा राहतो.

इथं रायन नील यांच्याकडून घेण्याजोगी गोष्ट तार किंवा कटर नाही. जपानी गुरूकडे सहा वर्षं काढलेला हा माणूस परत आला आणि आपल्याच डोंगरांतले पॉन्डेरोसा पाइन, रॉकी पर्वतातले ज्युनिपर यांच्यावर काम करू लागला. अमेरिकेतलं झाड अमेरिकेतल्यासारखं दिसावं, हा त्यांचा ध्यास. २०१५मध्ये पोर्टलंडच्या कलासंग्रहालयात 'आर्टिझन्स कप' हे प्रदर्शन त्यांनी त्याच हेतूनं भरवलं. हे आपल्याला करायचं तर संगमनेरजवळ पेमगिरीला जाऊन तिथला अवाढव्य वड पाहावा. त्याला शेंडा असा नाहीच. तो आडवा पसरतो, पारंब्यांची खोडं होतात आणि मूळ खोड कोणतं हेच कळेनासं होतं. कोकणातल्या देवळापुढचा पिंपळ, माळावरची एका अंगाला झुकलेली बाभूळ, गावाच्या वेशीवरची डेरेदार चिंच, यांची रूपं कुठल्याही चॅनेलवर नाहीत. ती एसटीच्या खिडकीतून दिसतात.

मराठीत बोन्सायवरचे व्हिडिओ आता येऊ लागले आहेत. त्यांतले पुष्कळसे इंग्रजी व्हिडिओंचं मराठीकरण असतात, तीच साधनं, त्याच पायऱ्या, तोच 'वसंत'. त्यांनी एवढंच केलं तरी मोठं काम होईल: प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला गाव, तारीख आणि झाडाची जात सांगायची आणि सहा महिन्यांनी तेच झाड पुन्हा दाखवायचं, मेलं असेल तर तेही. आपल्या शेतकऱ्याकडे पावसाची नक्षत्रं आहेत. रोहिणीत काय, मृगात काय, आर्द्रात काय, हस्तात काय, हे त्याला पाठ असतं. कुंडीतल्या झाडांचं असं नक्षत्रवार टिपण रत्नागिरीसाठी वेगळं, लातूरसाठी वेगळं, अजून कोणी मांडलेलं दिसत नाही. ते एका गुरूच्या आवाक्यातलं कामही नाही. त्याला गावोगावच्या गच्च्या लागतील, तारखा टिपणारी माणसं लागतील आणि ती टिपणं एकत्र आणायला तोच मोबाइल लागेल, ज्यानं ओरेगॉनचं अंगण आपल्या खिशात आणून ठेवलं.